स्टिअरिंगमधली ढिलाई

१

“गॅरेज बाबांचं होतं, आत्या. तू हातभार लावलास, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून माझ्याच गाडीची किल्ली माझ्यापासून लपवायची?”

हातभार! आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या मुलाचा बाप, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, दाराशी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलायचा आणि ही गाड्यांखाली उताणी पडून तोंडावर तेल झेलायची. शाळा तिने जेमतेम पाहिली होती. जे आलं ते पान्हा हातात धरून, चुकत, बोटं ठेचून घेत आलं. भाऊ गेला, पाटीवर त्याचं नाव राहिलं आणि गॅरेज कागदोपत्री या दिवट्याचं झालं. ड्रायव्हर लोक त्याला पाठीमागे ‘छोटे मालक’ म्हणत. आक्का तोंडावर म्हणायची.

“लपवली नाही, छोटे मालक,” ती म्हणाली. “इथे डगल्याच्या खिशात आहे. हिंमत असेल तर हात घालून काढ.”

दोघांच्या मध्ये ती लाल गाडी खड्ड्यावर उभी होती. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची, वयाने भाच्याहून मोठी. एके काळी ऐटीत फिरलेली स्पोर्ट्स कार. खड्डा म्हणजे गॅरेजच्या जमिनीत खणलेली माणूसभर खोल, अरुंद जागा. गाडी वर उभी करायची, मागच्या बाजूच्या पायऱ्या उतरून खाली जायचं आणि गाडीचं पोट डोक्यावर घेऊन काम करायचं. आक्काचं अर्धं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं होतं आणि तिला कधी कोंडल्यासारखं झालं नव्हतं. अलीकडे होत होतं.

भाच्याने लेकीला कबूल केलं होतं, आज दुपारी तुला या गाडीतून घाटावर, वरच्या तळ्यापर्यंत नेईन म्हणून. पोरगी घरी नटून बसली होती. आक्काचं म्हणणं एवढंच होतं, की ही गाडी घाटात जाणार नाही, आणि पोरीला घेऊन तर नाहीच नाही.

का नाही, असं भाचा विचारत होता. पार्ट सगळे नवे, अलाइनमेंट झालेलं, टायर नवे. “मग बिघाड कुठे आहे? एका पार्टचं नाव सांग. फक्त एकाचं.”

इथेच घोडं पेंड खात होतं. कोणालाही काम शिकवताना आक्का पहिली गोष्ट हीच ऐकवायची, की बिघाडाला नाव असतं. ज्याला ते सांगता येत नाही तो मेकॅनिक नव्हे, मांत्रिक. भाच्याने हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि आज त्याने ते तिच्यासमोर टाकलं, पत्त्यातला हुकूम टाकावा तसं.

तिच्याकडे नाव नव्हतं.

२

गाडी आली तेव्हा दुखणं साधं वाटलं होतं. भाच्याने ती कुठल्याशा गावाहून हौसेने आणली आणि आणतानाच त्याला घाम फुटला. सरळ रस्त्यावर नाक डावी-उजवीकडे भरकटतं, खाचखळग्यातून गेलं की पुढून ‘टक’ वाजतं, वेग वाढला की स्टिअरिंग हातात थरथरतं. आक्का मनात म्हणाली, म्हातारपण, दुसरं काय! माणसाचे गुडघे जातात, गाडीच्या सांध्यांतले रबरी बुश जातात. फरक एवढाच, की गाडीचे नवे मिळतात.

तिची तपासायची रीत ठरलेली होती. आधी गाडीभोवती मुकाट फेरी मारायची. मग एकेक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडायचा. शॉकअप चांगला असेल तर कोपरा एकदा वर येतो आणि निमूट बसतो. गेलेला असेल तर पाण्यातल्या होडीसारखा डुलत राहतो. मागचे दोन्ही कोपरे डुलले. पुढचा एक डुलला. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा कोपरा तिने दाबला आणि हात काढला.

तो खालीच राहिला.

आक्का वाकून बघत राहिली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बोटभरही उरली नव्हती. मग, बसल्या जागी कोणी मांडी बदलावी तसा, तो कोपरा सावकाश वर आला.

“स्प्रिंग थकलीय,” तिने भाच्याला सांगितलं. थकलेली स्प्रिंग असं वागत नाही हे तिला ठाऊक होतं. पण अजून काही खोललं नव्हतं, आणि न खोलता घाबरणं हे तिच्या लेखी कामचोराचं लक्षण.

३

स्टिअरिंगची ढिलाई एकट्याने सापडत नाही. एकाने वर बसून स्टिअरिंग अंगठाभर इकडे, अंगठाभर तिकडे हलवायचं; दुसऱ्याने खड्ड्यात उभं राहून एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचं टोक, चाकापाशी फिरता बॉल जॉइंट, मग स्टिअरिंगचं फिरणं रॉडपर्यंत पोचवणारा रॅक. सांधा घट्ट असेल तर हालचाल तळव्याखालून सरळ पुढे निघून जाते. झिजलेला असेल तर वाटेत अडखळते आणि हाताला बारीकशी टिचकी लागते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. जे काही आहे ते तळव्याचं.

या गॅरेजात खालून वर हाका मारायची पद्धत नव्हती. शेजारी पत्रे ठोकणाऱ्यांचं दुकान. दिवसभर कानांचा नुसता भुगा. म्हणून खालच्याने पान्ह्याने चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे हलव, दोन म्हणजे थांब. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही, आणि दिसायची गरजही कधी कोणाला भासली नव्हती.

भाचा वर बसला. आक्काने खाली दिवा अडकवला, टाय रॉडच्या टोकावर तळवा ठेवला आणि ठोका दिला. स्टिअरिंग हललं. टिचकी लगेच लागली, एक नाही, दोन्ही टोकांना. खालचा बॉल जॉइंट तर कवळीतल्या दातासारखा खुळखुळत होता. आक्का खूश झाली. बिघाडाला नाव मिळालं की तिला जेवल्यासारखं वाटायचं.

मग तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक हालचालीच्या मागोमाग आणखी एक येतेय. अगदी बारीक, उशिराने, आणि उलट्या दिशेने. कोणी आपला हात हातात घ्यावा, आपण सोडवायला लागावं आणि त्याच्या बोटांनी किंचित जास्त दाबावं, तसं.

तिने दोन ठोके दिले. हालचाल चालूच राहिली. आता फक्त ती उलटी, मंद हालचाल उरली होती. ती थोडा वेळ तिच्या तळव्याखाली चाचपडत राहिली आणि मग थांबली.

वर येऊन तिने भाच्याला फैलावर घेतलं. दोन ठोक्यांचा अर्थ तुझ्या बापाला बाराखडीच्या आधी कळत होता, वगैरे. भाचा सीटवर आडवा बसून होता, पाय दाराबाहेर, कानाला फोन. त्याने फोनवर हात ठेवला आणि वैतागून सांगितलं, की तू ठोका दिलास, मी थोडं हलवलं, तेवढ्यात फोन आला म्हणून हात काढला तो काढलाच. त्यानंतर त्याने स्टिअरिंगला बोटही लावलं नव्हतं. “तुझे हात थरथरायला लागलेत, आत्या,” तो म्हणाला. “ते आधी दाखवून घे कोणाला तरी.”

आक्काने स्वतःची समजूत घातली. टायर जमिनीवर टेकलेले असतात, रबर दाबलं जातं, दाब परत उलटतो. रॅक झिजलेला असेल तर तो दाब लहरी लहरीने येतो. बरोबर आहे. असंच असतं.

त्या दिवशी तिने हात जरा जास्त वेळ धुतले.

४

मग गाडी खोलली. टाय रॉडची टोकं, बॉल जॉइंट, बुश, चारही शॉकअप, पुढच्या स्प्रिंगा, आणि शेवटी अख्खा रॅकच नवा बसवला. जुने पार्ट तिने फडक्यावर ओळीने मांडून भाच्याला दाखवले. हे तिचं नेहमीचं होतं; काढलेलं दाखवल्याशिवाय नवं बसवायचं नाही. भाच्याने पाहिल्यासारखं केलं.

आठवडाभराने गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली, नुसते नट कसून घ्यायला. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या बुशवर दिवा धरला आणि आक्का तशीच उभी राहिली. नवं कोरं काळं रबर चेपून, भेगाळून, कडेने पिठासारखं झडलं होतं. दुसऱ्या बाजूचं रबर दुकानातून आणलं तसंच.

संशयाची सुई भाच्याकडे वळली. हा लपूनछपून गाडी नेतो आणि दगडधोंड्यांतून हाणतो, दुसरं काय! तिने दुसरा बुश बसवला. चाकं जिथे टेकली होती तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने एकच रेघ ओढली, गाडी बोटभर जरी सरकली तरी रेघ तुटावी अशी. स्टिअरिंग नेमकं मधोमध ठेवलं आणि त्याच्या माथ्यावर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला. शटर स्वतः ओढलं, कुलूप स्वतः लावलं.

सकाळी मागच्या चाकांपाशी खडूची रेघ जागच्या जागी होती. गाडी हललेली नव्हती. टेपचा तुकडा मात्र माथ्यावर नव्हता. स्टिअरिंगबरोबर फिरून खाली, गुडघ्यांशी आला होता. पुढची चाकं तिरकी झाली होती आणि त्यांनी आपल्याखालची रेघ मात्र जागेवरच चोळून काढली होती. दोन्ही चाकांचं तोंड तिच्या कामाच्या टेबलाकडे होतं, जिथे ती दिवसभर पाठ करून बसायची.

बुश पुन्हा चेपला होता.

जुन्या गाड्यांना स्टिअरिंगचं कुलूप नसतं. ताण राहिला तर स्टिअरिंग आपोआप फिरू शकतं. आक्काने हे स्वतःला दोनदा समजावलं, आणि दुसऱ्यांदा समजावताना आपण ते मोठ्याने बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं.

टेबल तिने गाडीच्या मागच्या बाजूच्या भिंतीला हलवलं. कोणी विचारलं तर सांगायला कारणही शोधून ठेवलं: इथे उजेड बरा येतो.

५

अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकं एका रेषेत आणायला, गाडी मागच्या गल्लीतल्या टायरवाल्याकडे नेली. हा टायरवाला आक्काच्याच वयाचा, एका कानाने ठार आणि दुसऱ्याने सोयीपुरता बहिरा. गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे तो कधी बघायचा नाही. त्याचा सगळा जीव त्याच्या यंत्राच्या काट्यांत. आक्काशी त्याचं जन्माचं वाकडं होतं आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर विश्वास होता. लाडीगोडी करणारा माणूस काटा बघून खरं सांगत नाही.

त्याने चाकांना यंत्र लावलं, उकिडवा बसला, काटे पाहिले आणि चष्म्याच्या वरून न बघताच हात झटकला. आक्का दाराशी उभी होती. तो खेकसला, की आधी आतल्या माणसाला उतरव, मग आकडे घेतो. ही बाजू दबलीय. आणि तुझ्या छोट्या मालकाला सांग, म्हणाला, स्पोर्ट्स गाडीत बसायचं तर पोट जरा घरी ठेवून येत जा.

भाचा त्या वेळी गावातही नव्हता.

आक्काने सांगितलं, आत कोणी नाही. त्याला ऐकू आलं नाही. तिने जवळ जाऊन बऱ्या कानात पुन्हा सांगितलं. तेव्हा टायरवाल्याने मान वर केली, गाडीच्या काचेकडे पाहिलं, मग पुन्हा काट्याकडे पाहिलं. उठायला त्याला गुडघ्यांवर हात टेकावे लागायचे. त्या दिवशी तो न टेकता उठला.

यंत्र त्याने आकडे न घेताच काढलं. एरवी तिच्या प्रत्येक कामात खोट काढणारा हा माणूस मुकाट आत गेला आणि आतून दाराची कडी लावल्याचा आवाज आला. भर दुपारी, दुकान उघडं टाकून.

भाच्याला तिने सांगितलं की अलाइनमेंट झालं. का सांगितलं? कारण नाही झालं म्हटलं असतं तर ‘का’ हा प्रश्न आला असता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ‘का’ला उत्तर देणारी बाई त्या दिवशी एका ‘का’ला भ्याली. मापाचा पट्टा काढला आणि जुन्या पद्धतीने, दोरी ताणून, चाकं तिने स्वतःच सरळ केली. माप बरोबर आलं. तेच तिला आवडलं नाही.

६

रस्त्यावर न्यायचं राहिलं होतं. सकाळी लवकर, वर्दळ नसताना, ती एकटीच निघाली. गावाबाहेरचा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळं रान.

आणि गाडी अशी चालली की आक्काला स्वतःचाच राग आला. थरथर नाही, टक नाही, नाक भरकटणं नाही. खाचखळगे गाडीने गिळून टाकले. मी कशाला घाबरत होते, तिने स्वतःला विचारलं; हे माझं काम आहे, माझ्या हातचं, आणि ते चोख आहे.

शेवटची परीक्षा राहिली होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरून हात क्षणभर उचलायचे. गाडीत खोट असेल तर ती एका बाजूला ओढली जाते. तिने मागेपुढे पाहिलं आणि हात उचलून मांडीवर ठेवले.

गाडी बाणासारखी सरळ गेली. आक्का हसली.

पुढे रस्ता डावीकडे हलकं वळण घेत होता. ती हात पुन्हा ठेवणार, तोच स्टिअरिंग डावीकडे फिरलं आणि गाडी वळणाबरोबर वळली. बेताने, सफाईने, रस्त्याच्या मधल्या रेषेला न शिवता. वळण संपलं तसं स्टिअरिंग परत सरळ झालं.

खोट असलेली गाडी रस्ता सोडते. रस्ता धरून चालणाऱ्या गाडीला काय नाव द्यायचं?

रस्त्याचा उतार, तिने ठरवलं. रस्ता एका अंगाला कलता असेल तर असं होऊ शकतं. होऊ शकतं? तिचे हात अजून मांडीवरच होते. ते उचलावेत असं मनात येत होतं आणि उचलले जात नव्हते. परक्याच्या ताटात हात घालायला संकोचावं तसं काहीतरी मध्ये येत होतं.

समोरून एक सायकलवाला येत होता. मागे दुधाचे कॅन, आपल्या कडेने, आपल्या तंद्रीत. गाडीचं नाक हळूच त्याच्याकडे झुकलं. दचकून, घसरून नव्हे. सुईत दोरा ओवणारा माणूस डोळे बारीक करतो ना, तसं नेम धरून.

आक्काने स्टिअरिंगवर झडप घातली. ते फिरेना. जाम झालेला रॅक कसा अडतो ते तिला माहीत होतं. लोखंड अडतं तेव्हा ते मुकं अडतं. हे तसं नव्हतं. हे कोणाचं तरी मनगट होतं, आणि ते तिची ताकद जोखत होतं. ती अंगाचा सगळा भार टाकून आडवी झाली तेव्हा ते सुटलं, एकदम, ‘घे’ म्हटल्यासारखं, आणि गाडी रस्ता सोडून रानात थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. त्या शिव्यांनी तिला बरं वाटलं. माणसाचा आवाज होता तो.

इंजिन बंद करून ती बसून राहिली. मग तिला जाणवलं, की आपण सीटवर पुरत्या टेकलेल्या नाही. सीट असायला हवी त्याच्या अलीकडेच पाठीला काहीतरी टेकत होतं.

ती परत आली ती गाडी चालवत नव्हे. पुढची चाकं उचलून ओढत नेणाऱ्या टोचण गाडीला ती बांधली आणि स्वतः टोचण गाडीत, मागे तिच्याकडे तोंड करून, बसून आली.

७

यातलं भाच्याला काय सांगणार! सांगितलं असतं तर त्याने आधी हसून घेतलं असतं आणि मग गावभर केलं असतं, की आत्याला भुतं दिसायला लागली. झालं, गॅरेजमधून हाकलायला आयतं कारण. म्हणून ती सकाळपासून एकच पालुपद धरून होती. गाडी घाटात जाणार नाही. आणि तो एकच विचारत होता. नाव सांग.

भांडण आता मुद्दा सोडून हाडांपर्यंत आलं होतं. भाचा म्हणाला, तुला स्वतःचं मूल नाही म्हणून माझ्या पोरीचा आनंद डोळ्यांत खुपतो. आक्का म्हणाली, तुझा बाप गोडबोल्या होता पण निदान पोकळ नव्हता. तो म्हणाला, बाबांनी तुला दयेपोटी ठेवून घेतलं. यावर तिने खिशातली किल्ली मुठीत आवळली, आणि ते पाहून तो आणखी चेकाळला.

शेवटी त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. तळवा खोटं बोलत नाही असं तूच म्हणतेस ना? मग मी खाली जातो, तू वर बसून हलव. कुठल्याही सांध्यावर एक जरी टिचकी लागली, तर गाडी इथेच राहील, पोरीला मी समजावेन. “आणि नाही लागली, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि उद्यापासून घरी बसायचं. कबूल?”

आक्काने कबूल केलं. का केलं ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित टिचकी लागेल अशी आशा होती. इतकी वर्षं लोखंडाने तिला दगा दिला नव्हता.

शेजारची ठोकाठोक जेवणासाठी थांबली होती, तरी सवयीने भाचा पान्हा घेऊन पायऱ्या उतरला. आक्काने वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सीट जुन्या काळ्या कातड्याची होती, भेगा पडलेली, बसून बसून सैल झालेली. रिकामी असताना ती सुरकुतलेली दिसायची. आत्ता सुरकुत्या नव्हत्या. बसायच्या जागी कातडं खोल दबलं होतं आणि ताणाने चकचकत होतं. पाठीलाही दबलं होतं, खांद्यांपर्यंत. आत वास नव्हता, आवाज नव्हता, काही हलत नव्हतं. कोणी शपथ घालून विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की आत कोणी नाही. पण बसायचं कुठे? कोणाच्या मांडीवर?

खालून ठोका आला. एक.

स्टिअरिंग हललं. टेपचा तुकडा अंगठाभर इकडे गेला, अंगठाभर तिकडे. सावकाश, एकसारखा. आक्का दार धरून उभी होती आणि तिचं मन अजूनही कारणं पुरवत होतं, जुन्या नोकरासारखं इमानाने. भाचा खालून रॉड हलवत असेल. असेल. खालून दोन ठोके आले. स्टिअरिंग थांबलं. एक ठोका. पुन्हा सुरू झालं.

मग सीटचं कातडं करकरलं. पाठीचा दाब एका खांद्यावर सरकला, दाराच्या बाजूला, कोण उभं आहे ते मान वळवून बघावं तसा. क्षणभर तिथेच राहिला. मग परत जागेवर गेला. बघून झालं होतं. म्हातारीत थांबून बघण्यासारखं काही नव्हतं.

टेप आता अंगठ्यापेक्षा जास्त फिरत होती. दोन अंगठे. मग वीतभर.

खाली बोटं कुठे असतात ते आक्काला पाठ होतं. स्टिअरिंग पुरतं फिरलं की टाय रॉडचं टोक चासीच्या पट्टीला जाऊन भिडतं. मध्ये रबर असलं तर रबर चेपतं, बोटं असली तर बोटं.

ओरडली असती तर दचकून त्याने रॉड आणखी घट्ट धरला असता. आणि ओरडलेलं फक्त त्यालाच ऐकू आलं असतं असं थोडंच होतं! तिने दार होतं तसं उघडं सोडलं, वहाणा काढल्या आणि गाडीला वळसा घालून खड्ड्याच्या पायऱ्या उतरली.

भाचा तिच्याकडे पाठ करून उभा होता. एक हात वर, टाय रॉडवर. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्याचं तोंड गाडीच्या पोटाकडे होतं आणि तो त्या पोटाशीच भांडत होता. कुठे आहे ढिलाई, आत्या? सगळं घट्ट आहे. आज बरी एकसारखी हलवतेयस, एरवी तुझा खांदा दुखतो म्हणून अर्ध्यात सोडतेस. बोल की. आता का वाचा बसली? त्याने हसून दोन ठोके दिले.

रॉड थांबला नाही. सरकत आला तो पट्टीपाशी आला, कागद जाईल एवढी फट ठेवून मागे गेला आणि परत निघाला.

“थांब म्हटलं ना,” भाचा वर बघून ओरडला आणि त्याने पकड आवळली. “किल्ली द्यायची नाही म्हणून आता माझी बोटं तोडणार आहेस का?”

आक्का शेवटच्या पायरीवर आली. लहानपणी तो तापात बडबडायचा तेव्हा ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती त्याच्या कानामागे म्हणाली, “हात काढून घे बाळ, सावकाश, मी वर नाही, इथे तुझ्या मागे पायरीवर उभी आहे.”